सागरी मत्स्यसमुदायांचे सर्वेक्षण आणि पद्धतीचा परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच जागी, एकाच आठवड्यात दोन पद्धतींनी मोजले तरी आकडे इतके वेगळे का येतात?

कारण पाण्यातले सगळे मासे कोणत्याच पद्धतीला सापडत नाहीत. हाती येणारा आकडा तीन गोष्टींचा गुणाकार असतो. पहिली गोष्ट म्हणजे पाण्यात प्रत्यक्ष असलेले मासे. दुसरी, आपण केलेला प्रयत्न, म्हणजे किती क्षेत्र, किती वेळ, किती लिटर पाणी. तिसरी, त्या पद्धतीला तो मासा सापडण्याचे प्रमाण. या तिसऱ्या गोष्टीला आपण इथे सापडक्षमता म्हणू. ती जातीनुसार, आकारानुसार, दिवसाच्या वेळेनुसार, पाण्याच्या गढूळपणानुसार आणि माणसागणिक बदलते.

प्रवाळाच्या कपारीतला बोटभर गोबी मासा ट्रॉलला (तळावरून ओढायच्या जाळ्याला) मिळणार नाही, कारण तिथे ट्रॉल चालतच नाही. आमिषाच्या कॅमेऱ्याला तो क्वचित दिसेल आणि पट्ट्यावरून पोहणाऱ्या डायव्हरच्या नजरेतून बहुधा सुटेल. पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएमध्ये मात्र त्याची खूण मिळू शकते. चारही पद्धतींनी खरेच मोजलेले असते, पण प्रत्येकीने समुदायाचा वेगळा तुकडा मोजलेला असतो.

देखरेखीत, म्हणजे वर्षानुवर्षांच्या तुलनेत, खरी अडचण सापडक्षमता कमी असण्याची नाही. ती दरवर्षी सारखी राहिली तर कमी असूनही कल बरोबर दिसतो. ती नकळत बदलली की मासे तेवढेच असून ते वाढल्यासारखे किंवा घटल्यासारखे दिसतात. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीशी येऊन थांबतात.

मग सर्वांत चांगली पद्धत कोणती?

आधी प्रश्न ठरवा, मग पद्धत. सपाट, वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावरच्या माशांचा साठा मोजायचा तर ट्रॉल. मधल्या पाण्यातल्या तारलीसारख्या थव्यांसाठी प्रतिध्वनी, म्हणजे पाण्यात आवाज सोडून माशांवरून परत येणारा आवाज मोजणारे यंत्र. प्रवाळ किंवा खडकावरच्या, दिवसा वावरणाऱ्या माशांसाठी डायव्हरची दृश्य गणना. मुशी, हेकरू असे मोठे, बुजरे, मांसभक्षी मासे हवे असतील, किंवा डायव्हर उतरू शकत नाही इतकी खोली असेल, तर आमिष लावलेला कॅमेरा. जातींची यादी शक्य तितकी पूर्ण हवी असेल तर डीएनए, आणि शक्य असेल तर त्याच्या जोडीला दुसरे काहीतरी.

एका पद्धतीने सगळे भागेल अशी आशा धरून आखलेल्या योजना पुढे अडचणीत येतात. दोन पद्धती निवडून त्या दहा वर्षे न बदलता चालवणे हे पाच पद्धती दोन-दोन वर्षे चालवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे.

डायव्हरच्या पट्टा-गणनेत नेमके काय करायचे?

ही पद्धत १९५४ मध्ये हवाईत व्हर्नन ब्रॉक यांनी मांडली. तिची आजची नेहमीची रूपे ५० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे २५० चौरस मीटरच्या पट्ट्याभोवती फिरतात. कॅरिबियन भागातल्या काही कार्यक्रमांत पट्टा ३० मीटर बाय २ मीटरचा असतो. रुंदीतला हा फरक किरकोळ नाही. अरुंद पट्ट्यात छोटे मासे नीट दिसतात, पण मोठे मासे डायव्हरपासून अंतर राखत असल्याने पट्ट्याबाहेरच राहतात. रुंद पट्ट्यात याच्या उलट होते. म्हणून दोन रुंदींचे आकडे नुसते क्षेत्रफळाने भागून एका रांगेत मांडता येत नाहीत.

काम साधारण असे चालते. खोली ठरवा आणि पट्टा त्या समोच्च रेषेवरच ठेवा, तो उतारावरून खाली घसरू देऊ नका. पुढचा डायव्हर मोजत जातो आणि फीत त्याच्या मागे सुटत जाते. फीत आधी अंथरून मग परत येऊन मोजले तर निम्मे बुजरे मासे फीत टाकतानाच निघून गेलेले असतात. मोठे, वेगवान मासे आधी टिपा, मग मध्यम, शेवटी स्थिर राहणारे. पोहण्याचा वेग ठरलेला असावा आणि लागलेला वेळ प्रत्येक पट्ट्यासाठी लिहिला जावा. ५० मीटरला कोणी ६ मिनिटे घेतली आणि कोणी १५, तर तो फरक आकड्यांत उतरतोच. मागून येऊन पट्ट्यात शिरलेले मासे मोजायचे नाहीत.

किमान दृश्यमानता आधीच ठरवून ठेवा. ५ मीटर रुंद पट्टा मध्यरेषेवरून दोन्ही बाजूंना अडीच मीटर असतो, त्यामुळे ५ मीटर दृश्यमानता कागदावर पुरेशी वाटते. पण पुढचे मासे पळण्याआधी दिसायला हवे असतील तर ८ ते १० मीटर लागते. पाणी त्याहून गढूळ असेल तर त्या दिवशीचे काम पुढे ढकलावे. गढूळ दिवशीचे कमी आकडे नोंदीत घुसले की ते नंतर काढता येत नाहीत.

पट्टा आणि स्थिर-बिंदू गणना यांत फरक काय?

स्थिर-बिंदू गणनेत डायव्हर एका जागी राहून भोवतालच्या काल्पनिक दंडगोलातले मासे मोजतो. बोन्सॅक आणि बॅनरॉट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत त्रिज्या ७.५ मीटर आहे, म्हणजे क्षेत्र सुमारे १७७ चौरस मीटर. पहिली ५ मिनिटे फक्त दिसणाऱ्या जातींची यादी, मग एकेका जातीची संख्या आणि लांबी. डायव्हर हलत नसल्याने काही बुजरे मासे जवळ येतात. मात्र दंडगोलाच्या कडेचे, तळालगतचे छोटे मासे ७ मीटरवरून दिसतीलच असे नाही.

डायव्हर पाहून मासे पळतात. त्याने देखरेख बिघडते का?

बिघडते, आणि ती एकाच दिशेने बिघडते म्हणून जास्त जपावे लागते. भाल्याने मासेमारी होते तिथले मोठे मासे माणूस दिसताच लांबूनच वळतात. मासेमारी बंद असलेल्या संरक्षित क्षेत्रात तेच मासे निर्धास्त असतात, कधी जवळही येतात. आता दोन्हीकडे डायव्हरने मोजणी केली तर बाहेरचे मासे कमी मोजले जातात, आतले पूर्ण किंवा थोडे जास्तच. परिणामी संरक्षणाचा फायदा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. त्यातला किती भाग माशांच्या संख्येचा आणि किती त्यांच्या भीतीचा, हे त्या एका पद्धतीवरून कळत नाही.

यावर तीन उपाय आहेत. एक, बुडबुडे न सोडणारे रिब्रीदर उपकरण. नेहमीच्या डायव्हिंग यंत्रणेतून सुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज मोठे मासे दुरून टिपतात. रिब्रीदर मात्र महाग असते आणि त्याला स्वतंत्र प्रशिक्षण लागते. दोन, काही ठिकाणी जोडीने आमिष-कॅमेरा किंवा आमिषाशिवायचा कॅमेरा लावून तुलना करणे. तीन, जातनिहाय पळण्याचे अंतर मोजून ठेवणे, म्हणजे डायव्हर किती मीटरवर आला की मासा हलतो ते. हे अंतर आत आणि बाहेर सारखे असेल तर तुलनेवर बराच विश्वास ठेवता येतो.

मुशी आणि वेगवान थवे दृश्य गणनेत जास्त का भरतात?

पट्ट्याची मोजणी एका क्षणाची नसते. समजा पट्टा पूर्ण करायला १० मिनिटे लागली. सेकंदाला अर्धा मीटर या सावकाश वेगाने फिरणारी मुशीसुद्धा तेवढ्या वेळात ३०० मीटर जाते. सुरुवातीला पट्ट्याच्या आसपासही नसलेला मासा मधेच समोरून निघून जातो आणि आपण तो २५० चौरस मीटरच्या हिशेबात धरतो. खडकाला चिकटून राहणाऱ्या माशाच्या बाबतीत असे घडत नाही. त्यामुळे त्याच पट्ट्यातून काढलेल्या जैवभारात (माशांच्या एकूण वजनात) मोठ्या शिकाऱ्यांचा वाटा फुगतो.

हे टाळण्यासाठी पट्ट्याचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात पुढचा भाग दिसताक्षणी तिथले वेगवान मासे एकदाच मोजून घेतात. नंतर आलेले मोजत नाहीत. नियम साधाच आहे, पण तो पाळला जातो की नाही हे प्रशिक्षणात तपासावे लागते. कारण शेजारून मुशी गेली की ती लिहून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. हवे तर ती 'पट्ट्याबाहेर' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

लांबीचा अंदाज थोडा चुकला तर काय बिघडते?

संख्या बिघडत नाही, जैवभार बिघडतो. माशाचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी १० टक्के जास्त धरली तर वजन सुमारे ३३ टक्के जास्त येते आणि २० टक्के जास्त धरली तर सुमारे ७३ टक्के. त्यातच मुखवट्याच्या सपाट काचेतून पाण्याखालची वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी भासते. अनुभवी डायव्हर ही चूक मनात दुरुस्त करतो, नवा करत नाही.

सराव असा करावा: प्लॅस्टिकच्या नळीचे किंवा मासळीच्या आकाराचे २० ते ३० तुकडे वेगवेगळ्या लांबीचे कापून पाण्याखाली दोरीवर टांगायचे, प्रत्येकाने अंदाज लिहायचा, वर येऊन खऱ्या लांबीशी ताडायचा. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर, दोन्ही वेळा. ज्याचे अंदाज सातत्याने एकाच बाजूला झुकतात त्याला ते दाखवून द्यायचे.

आणखी एक चूक नेहमी होते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी आणि शेपटीच्या मुळापर्यंतची प्रमाण लांबी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजली एक आणि वजनाचे सूत्र दुसरीसाठीचे वापरले, तर खोल खाचेच्या शेपटीच्या माशांत मोठा फरक पडतो. रकान्याच्या डोक्यावर लांबीचा प्रकार लिहिलेला असलाच पाहिजे.

आमिष-कॅमेरा कसा लावतात?

लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर कॅमेरा, त्याच्या समोर दांड्यावर सुमारे दीड मीटरवर आमिषाची जाळीदार पिशवी, आणि पृष्ठभागावर दोरीने बांधलेला तरंगा. लांबी मोजायची असेल तर दोन कॅमेरे लागतात. ते साधारण ७० सेंटिमीटर अंतरावर आणि किंचित आत वळवलेले असतात. आमिष तेलकट मासळीचे, तारलीसारखे, ठेचलेले, दर वेळी ताजे आणि सुमारे ८०० ग्रॅम ते १ किलो. चौकट तळाला टेकल्यापासून ६० मिनिटे चित्रण. दोन चौकटींत किमान ४०० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच आमिषाच्या वासाने निघालेला मासा दोन्हीकडे मोजला जातो.

जोडकॅमेऱ्यात बारीक गोष्टींनीच मोठे नुकसान होते. कॅमेऱ्यातले प्रतिमा स्थिर करण्याचे डिजिटल वैशिष्ट्य बंद हवे, कारण ते प्रत्येक चित्रातला भाग थोडा सरकवते आणि लांबीचे सगळे गणित कोलमडते. दोन्ही कॅमेऱ्यांचा दृश्यकोन, रिझोल्यूशन आणि प्रतिसेकंद चित्रांची संख्या एकच हवी. कॅमेऱ्यांचे आवरणासकट अंशशोधन (माहीत असलेल्या मापांशी ताडून केलेली जुळवणी) करून घ्यावे, मोहिमेआधी एकदा आणि नंतर एकदा. मधे बॅटरी बदलताना कॅमेरा आवरणात किंचित फिरला तरी अंशशोधन गेले असे समजा. म्हणून दर काही चौकटींनंतर माहीत असलेल्या लांबीची पट्टी समोर धरून तपासावे. दोन चित्रफिती जुळवण्यासाठी सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा दिवा एकदा उघडझाप करावा.

'मॅक्सएन' म्हणजे काय आणि तो खरी संख्या का सांगत नाही?

एकाच चित्रात एकाच वेळी दिसलेली त्या जातीची सर्वांत मोठी संख्या म्हणजे मॅक्सएन. समजा १२व्या मिनिटाला ४ हेकरू दिसले, ३१व्या मिनिटाला ७ आणि ४८व्या मिनिटाला ५. मॅक्सएन ७. बेरीज करून १६ लिहायचे नाही, कारण तेच मासे पुन्हा पुन्हा येतात. लांबीही मॅक्सएनच्याच चित्रातली घ्यायची.

ही संख्या मुद्दाम कमीकडे झुकलेली आहे. मासे थोडे असताना ती बरी चालते. पण मासे खूप असले की आमिषाभोवतीची जागा भरून जाते, मोठे मासे लहानांना हुसकावतात, आणि खरी संख्या दुप्पट झाली तरी मॅक्सएन दुप्पट होत नाही. संरक्षित क्षेत्रात मासे वाढत गेले की वाढीचा आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो. तो सपाटपणा माशांचा की पद्धतीचा, हे पाहण्यासाठी सगळ्या चित्रांतली सरासरी संख्याही काढून ठेवावी.

वास किती दूर गेला हे प्रवाहावर अवलंबून असते. प्रवाह जोरात असेल तर दूरचे मासे येतात, मंद असेल तर जवळचेच. म्हणून प्रति चौरस मीटर घनता आमिष-कॅमेऱ्यातून काढू नये. मिळतो तो सापेक्ष निर्देशांक. दर वेळी प्रवाहाचा अंदाज लिहून ठेवला तर विश्लेषणात त्याचा परिणाम वेगळा काढता येतो.

या मर्यादा असूनही मोठ्या तुलनेसाठी ही पद्धत फार उपयोगी ठरली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल फिनप्रिंट सर्वेक्षणाने ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळखडकांवर आमिष-कॅमेरे लावले आणि जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या खडकांवर एकही मुशी दिसली नाही. सर्वत्र एकच पद्धत होती, म्हणूनच हे वाक्य लिहिता आले.

ट्रॉलच्या आकड्यांत कुठे कुठे चूक शिरते?

बहुतेक वेळा क्षेत्रफळात. ४ नॉट वेगाने ३० मिनिटे ओढ केली तर अंतर होते २ सागरी मैल, म्हणजे ३.७ किलोमीटर. जाळ्याच्या दोन पंखांमधले अंतर २० मीटर धरले तर झाडलेले क्षेत्र ०.०७४ चौरस किलोमीटर. पण जाळे उघडे ठेवणाऱ्या, ओढीच्या दोरांवरच्या फळ्यांमधले अंतर समजा ८० मीटर असेल, तर तेच क्षेत्र ०.२९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे चौपट. कोणते धरायचे? फळ्या आणि दोर चिखल उडवून काही जातींना जाळ्याच्या तोंडाकडे हाकतात, काहींना हाकत नाहीत. म्हणजे एकाच ओढीत जातीगणिक खरे क्षेत्र वेगळे असते. एक निवडा, लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

पंखांचा फैलाव खोलीप्रमाणे बदलतो, कारण खोल पाण्यात जास्त दोर सोडला जातो आणि फळ्या अधिक उघडतात. त्यामुळे फैलाव प्रत्येक ओढीत संवेदकाने मोजावा. तळाशी जाळे खरेच टेकले का, हेही संवेदकाने पाहावे. ते वर उचललेले राहिले तर सपाट मासे आणि पाकट खालून निसटतात.

जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची आस, म्हणजे छिद्राचा आकार, हे दुसरे कारण. उत्तर समुद्रातल्या आंतरराष्ट्रीय तळ-ट्रॉल सर्वेक्षणात आणि भूमध्य समुद्रातल्या मेडिट्स या ट्रॉल सर्वेक्षणात ती ताणून मोजलेली २० मिलीमीटर असते, व्यापारी जाळ्यांपेक्षा बरीच बारीक, म्हणजे पिल्लेही मोजली जातात.

तिसरे कारण डेकवर घडते आणि त्याकडे दुर्लक्ष होते. समजा ओढीत ६०० किलो मासळी आली आणि त्यातला ६० किलोचा उपनमुना वर्गवारीला घेतला. आता प्रत्येक मासा १० ने गुणला जाणार. ढिगाच्या वरूनच टोपली भरली तर छोटे मासे कमी येतात, कारण ते हलता-हलवताना खाली जाऊन बसतात. दुर्मीळ मासा उपनमुन्यात आला तर एकाचे दहा होतात, नाही आला तर शून्य. म्हणून आधी संपूर्ण ढिगातून मोठे आणि दुर्मीळ मासे वेचून वेगळे मोजायचे, उरलेला ढीग नीट मिसळायचा आणि मग उपनमुना घ्यायचा.

जहाज किंवा जाळे बदलणे भाग पडले तर जुनी मालिका वाया जाते का?

जोडीने ओढी केल्या तर जात नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे शरद ऋतूतले तळ-ट्रॉल सर्वेक्षण १९६३ पासून चालू आहे. तिथे २००९ मध्ये जुन्या अल्बाट्रॉस ४ या जहाजाची जागा हेन्री बी. बिगेलो या नव्या जहाजाने घेतली. सोबत जाळे बदलले, ओढ ३.८ नॉटने ३० मिनिटांऐवजी ३ नॉटने २० मिनिटांची झाली. त्याआधी २००८ मध्ये दोन्ही जहाजांनी एकमेकांजवळ सहाशेहून अधिक जोडीच्या ओढी केल्या. त्यांतून जातनिहाय रूपांतर-गुणांक काढले गेले आणि काही जातींत ते लांबीनुसारही वेगळे निघाले. सर्व जातींना एकच गुणांक लावणे ही यातली नेहमीची चूक.

छोट्या कार्यक्रमांनाही हेच लागू आहे. डायव्हरच्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यावर जायचे असेल तर किमान दोन हंगाम दोन्ही पद्धती त्याच ठिकाणी, त्याच दिवसांत चालवा. निधी एका हंगामापुरताच असेल तर सगळी ठिकाणे अर्धवट करण्यापेक्षा निवडक ठिकाणी दोन्ही पद्धती पूर्ण करणे बरे.

त्याच सर्वेक्षणातली दुसरी घटनाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००२ मध्ये असे आढळले की ट्रॉल ओढणाऱ्या दोन दोरांवरच्या लांबीच्या खुणा जुळत नव्हत्या आणि जाळे आधीच्या अनेक फेऱ्यांत तिरके ओढले गेले होते. हे मच्छीमारांनी पुढे आणले. नंतरच्या तपासणीत आकड्यांवर मोठा, एकदिश परिणाम ठळकपणे दिसला नाही, पण सर्वेक्षणावरचा विश्वास मात्र हलला. दोरांच्या खुणा प्रत्येक मोहिमेआधी मोजणे हे काही तासांचे काम आहे.

प्रतिध्वनी यंत्राचे आकडे किती भरवशाचे?

थव्याने राहणाऱ्या माशांसाठी चांगले, पण दोन गृहीतकांवर उभे. पहिले, एका माशाचा प्रतिध्वनी किती जोरात येतो. हेरिंगसारख्या माशांसाठी ३८ किलोहर्ट्झला वापरले जाणारे प्रसिद्ध सूत्र आहे: लांबीच्या लॉगॅरिदमची २० पट वजा ७१.९ डेसिबल, लांबी सेंटिमीटरमध्ये. त्याप्रमाणे २५ सेंटिमीटरच्या माशाचे मूल्य उणे ४३.९ आणि १० सेंटिमीटरच्या माशाचे उणे ५१.९. म्हणजे एक मोठा मासा सुमारे सहा लहान माशांएवढा प्रतिध्वनी देतो. पडद्यावरचा ठिपका कोणाचा हे ठरवायला जाळे टाकून नमुना घ्यावाच लागतो. या मूल्यात ३ डेसिबलची चूक झाली तर संख्येचा अंदाज दुप्पट किंवा निम्मा होतो. अटलांटिक मॅकरेलला वाताशय (शरीरातली हवेची पिशवी) नसतो, त्यामुळे ३८ किलोहर्ट्झला तो फार क्षीण दिसतो.

दुसरे गृहीतक, मासे किरणात आहेत. तळाला लागून एक अंध पट्टा असतो. १ मिलिसेकंदाच्या स्पंदाला सपाट तळावरसुद्धा तो सुमारे ७५ सेंटिमीटर असतो, उतारावर त्याहून मोठा. पृष्ठभागावर जहाजाच्या तळाखालचे काही मीटर मोजलेच जात नाहीत. दिवसा तळाशी टेकणारे आणि रात्री वर येणारे मासे एकाच वेळेच्या सर्वेक्षणात कमी-जास्त होतात. यंत्राचे अंशशोधन टंगस्टन कार्बाइडचा गोळा किरणात टांगून प्रत्येक मोहिमेत करावे. ३८ किलोहर्ट्झसाठी ३८.१ मिलीमीटर व्यासाचा गोळा सर्रास वापरतात.

पर्यावरणीय डीएनएने बाकी पद्धतींची गरज संपेल का?

नाही. तिचे बळ जातींच्या यादीत आहे. पाण्यातल्या कणांतून माशांचा डीएनए वेगळा करून त्याचा ठरावीक भाग वाचतात. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दिलेला मायफिश प्राइमर-संच (डीएनएतला हवा तो भाग निवडणारे छोटे तुकडे) मायटोकाँड्रियाच्या १२एस जनुकातला सुमारे १७० अक्षरांचा तुकडा वाचतो. तुकडा छोटा असल्याने जवळच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या न निघण्याची शक्यता असते. आणि ज्या जातीचा क्रम संदर्भसंग्रहात नाही ती यादीत नावाने येतच नाही. संदर्भसंग्रह दरवर्षी वाढत असल्यामुळे जुने नमुने नव्या संग्रहाशी पुन्हा ताडले नाहीत तर जाती वाढल्याचा भास होतो.

माशाचा आकार, वय, लिंग, तो जिवंत आहे की मेलेला, हे डीएनए सांगत नाही. वाचलेल्या प्रतींच्या संख्येवरून माशांची संख्या सांगणे टाळावे.

नमुना घेताना: प्रत्येक ठिकाणी निदान तीन स्वतंत्र नमुने, प्रत्येकी १ ते २ लिटर. गाळणी ०.४५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. गढूळ पाण्यात ती लवकर तुंबते, तेव्हा प्रत्यक्ष किती पाणी गाळले ते लिहा. भांडी पातळ ब्लीचने धुऊन स्वच्छ पाण्याने खळबळा, ब्लीचचा अंश राहिला तर नमुन्यातला डीएनएही नष्ट होतो. शुद्ध पाण्याचा कोरा नमुना तिथेच गाळून सोबत पाठवा. त्यात मासा निघाला तर दूषण झाले. एक गोष्ट विसरू नका: आमिष-कॅमेरा टाकण्याच्या आधी पाणी घ्या, नंतर घेतले तर यादीत सर्वांत वर आमिषाचाच मासा येतो. सांडपाण्याच्या तोंडाजवळ खाऊन टाकलेल्या माशांचा डीएनएही येतो.

दडून राहणाऱ्या छोट्या माशांचे काय?

गोबी, ब्लेनी यांसारखे ५ सेंटिमीटरच्या आतले मासे संख्येने प्रचंड असतात आणि नेहमीच्या पट्ट्यात बहुतांश सुटतात. त्यांच्यासाठी वेगळा, १ मीटर रुंदीचा पट्टा घेऊन कपारी, दगडाखालच्या फटी पाहत हळू जावे. रीफ लाइफ सर्व्हे या कार्यक्रमात मोठ्या माशांची आणि दडणाऱ्या माशांची मोजणी अशीच दोन टप्प्यांत होते. पूर्ण गणनेसाठी छोट्या जागेवर जाळी टाकून लवंगतेलासारखे गुंगीचे द्रावण वापरतात, पण त्याला परवानगी लागते आणि ते वारंवार त्याच जागी करू नये.

किती नमुने पुरेसे?

माशांची संख्या जागोजागी फार बदलते. समजा पट्ट्यापट्ट्यातला विखुरलेपणा सरासरीइतकाच आहे. मग ५ पट्ट्यांवरून काढलेल्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ४५ टक्के आणि २० पट्ट्यांवरून सुमारे २२ टक्के. त्रुटी निम्मी करायला नमुने चौपट लागतात. ५ पट्ट्यांच्या जोरावर ३० टक्के घट झाली किंवा झाली नाही असे सांगणे योग्य नाही.

'दिसला नाही' याचेही असेच. एका भेटीत एखादी जात दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल तर तीन भेटींनंतरही ती असून न दिसण्याची शक्यता ३४ टक्के राहते. आठ भेटींनंतर ती ६ टक्क्यांवर येते. जात नाहीशी झाली असे लिहिण्याआधी हा हिशेब करा. त्याच ठिकाणी त्याच हंगामात पुन्हा भेटी दिल्या तर सापडक्षमता थेट अंदाजता येते, म्हणून थोड्या तरी ठिकाणी त्या ठेवाव्यात.

ठिकाणे कायमची ठेवावीत की दरवर्षी नव्याने काढावीत?

बदल टिपायला कायमची ठिकाणे अधिक संवेदनशील, पण ती कशी निवडली हे महत्त्वाचे. 'मासे भरपूर आहेत' म्हणून निवडलेल्या जागा पुढच्या वर्षांत बहुधा सरासरीकडे खाली येतात आणि घट झाली असे वाटते. म्हणून पहिली निवडसुद्धा खोली आणि तळाचा प्रकार यांचे थर पाडून चिठ्ठीने करा.

मासे कमी झाले की दुसरीकडे सरकले, हे कसे ओळखायचे?

सर्वेक्षणाची कड पाहा. सर्वेक्षण २०० मीटर खोलीवर थांबत असेल आणि पाणी तापल्याने मासे २५० मीटरवर गेले असतील, तर आपल्या नोंदीत ती घट दिसेल. कडेच्या ओढींत किंवा कॅमेऱ्यांत संख्या वाढत असताना मधल्या भागात घटत असेल तर सरकण्याचा संशय धरावा. दर वेळी तळाचे तापमान मोजणे स्वस्त आहे आणि नंतर त्याच्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

दोन ठिकाणांच्या जातींची संख्या थेट ताडता येते का?

प्रयत्न सारखा नसेल तर नाही. ८ पट्ट्यांत ३ पट्ट्यांपेक्षा जास्त जाती मिळणारच. दोन्हीकडचे आकडे सारख्या प्रयत्नावर, किंवा नमुन्याच्या सारख्या परिपूर्णतेवर आणून मगच तुलना करा. आकारावर आधारलेल्या निर्देशांकांनाही पद्धत चिकटलेली असते. उत्तर समुद्रातला 'मोठ्या माशांचा निर्देशांक' म्हणजे ४० सेंटिमीटरहून लांब माशांचा वजनातला वाटा, आणि तो त्या विशिष्ट ट्रॉल सर्वेक्षणासाठी ठरवलेला आहे. डायव्हरच्या पट्ट्यावर तीच ४० ची सीमा आणि तेच उद्दिष्ट लावण्यात अर्थ नाही.

वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकत्र करावेत का?

कच्चे आकडे कधीच बेरजेला घेऊ नका. प्रत्येक पद्धतीची मालिका वेगळी ठेवा, प्रत्येकीतला कल काढा आणि कल ताडा. दोन्ही एकाच दिशेने जात असतील तर निष्कर्ष भक्कम होतो. वेगळ्या दिशांनी जात असतील तर कोणत्या जाती आणि कोणते आकार हा फरक घडवतात ते शोधा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. संख्याशास्त्रीय मदत उपलब्ध असेल तर प्रत्येक पद्धतीला स्वतःची सापडक्षमता देणारे एकत्रित प्रतिमान बांधता येते, पण त्यासाठी काही ठिकाणी तरी दोन्ही पद्धती एकत्र चाललेल्या असाव्या लागतात.

बंदरात उतरणाऱ्या मासळीच्या नोंदींवर भागवता येईल का?

साठ्याच्या वापरासाठी त्या नोंदी आवश्यक आहेत, समुदायाच्या देखरेखीसाठी अपुऱ्या. मच्छीमार मासे असतील तिथे जातो, त्यामुळे साठा आटत असताना उरलेल्या थव्यांवरची पकड बराच काळ टिकून राहते. जाळी, इंजिने, मासे शोधण्याची यंत्रे सुधारत जातात, म्हणजे 'एक दिवस मासेमारी' हा प्रयत्न दरवर्षी मोठा होत जातो. समुद्रातच फेकलेली मासळी नोंदीत येत नाही.

प्रत्येक नमुन्यासोबत किमान काय लिहून ठेवावे?

ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, सुरुवात आणि शेवटची वेळ, खोली, भरती-ओहोटीची अवस्था, दृश्यमानता, तळाचे तापमान, निरीक्षकाची सांकेतिक खूण. पद्धतीप्रमाणे पट्ट्याची लांबी-रुंदी, आमिषाचे वजन, कॅमेऱ्याची मांडणी, जाळ्याची आस, पंखांचा फैलाव, गाळलेले पाणी. काहीच मिळाले नाही तर शून्य लिहा. रकाना रिकामा राहिला तर मासे नव्हते की मोजणी झाली नाही हे नंतर कोणालाच कळत नाही. ओळख पटली नाही तर जातीच्या वरच्या पातळीपर्यंतच, म्हणजे प्रजातीपर्यंत (जीनस), थांबा आणि छायाचित्र जोडा. अंदाजाने घातलेले जातीचे नाव यादीत कायमचे बसते. पद्धतीत कोणताही बदल केला, तो कितीही छोटा असो, तर तो कोणत्या तारखेपासून केला हे मूळ माहितीच्याच फायलीत लिहा, वेगळ्या अहवालात नव्हे. अहवाल हरवतात, फाइल पुढच्या माणसाकडे जाते.